चाकांचे सौजन्य

रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ साली हवा भरलेल्या लवचिक चाकाचे पेटंट घेतले, तेव्हा त्या दस्तऐवजात आपल्या शोधाचे जे हेतू त्याने नमूद केले ते आजही वाचणाऱ्याचे चित्त वेधून घेतात : गाडी ओढण्यास लागणारे बळ कमी व्हावे, तिची गती सुखावह व्हावी आणि धावताना चाकांचा जो आवाज होतो तो उणावावा. मोटारगाडी जन्माला येण्यास त्या वेळी आणखी चाळीस वर्षांचा अवधी होता. रस्त्यांवर अंमल होता तो घोडागाड्यांच्या लोखंडी धावांचा, आणि दगडी फरसबंदीवरून त्या धावा पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत जो खडखडाट करीत, त्यातून मोठ्या शहरांतील रुग्णांची, विद्यार्थ्यांची आणि बाळंतिणींचीही सुटका नव्हती. थॉमसनचा शोध काळाच्या फार पुढे होता, म्हणून तो विस्मृतीत गेला. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने तो स्वतंत्रपणे पुन्हा लावला, आणि तोही आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीला बसणारे धक्के सौम्य व्हावेत एवढ्या वात्सल्यापोटी. वेग, भार, मैलांचा हिशेब, शर्यती आणि लढाया या साऱ्या गोष्टी मागाहून आल्या. हा इतिहास मी आरंभीच आणि आग्रहाने मांडतो, कारण पिकअपसारख्या दणकट गाडीसाठी शांत व मऊ चालीचे टायर शोधणाऱ्या माणसाकडे आमच्या ओहायो राज्यात पुष्कळदा असे पाहिले जाते, की जणू त्या गाडीच्या जातीला न शोभणारी मागणी तो करीत आहे. आणि मला तर असे वाटते की टायर या वस्तूच्या मूळ हेतूशी इमान राखणारी मागणी असेल तर ती हीच.

महाराष्ट्रातील वाचकाला पिकअप म्हटले की बाजारसमितीच्या आवारात टोमॅटोचे क्रेट उतरवून घेणारी, रिकामी जाणे म्हणजे नुकसान असे मानणारी कष्टाळू गाडी आठवेल. अमेरिकेतील पिकअपचे आयुष्य निराळे आहे. फोर्डची एफ मालिका १९७७ पासून या देशात सर्वांत अधिक खपणारी मालमोटार ठरत आली आहे, परंतु त्या लक्षावधी गाड्यांपैकी बहुतेकींच्या नशिबी रोजच्या रोज ओझे वाहणे नसते. त्या मुलांना शाळेत पोचवितात, कचेरीच्या वाहनतळावर दिवसभर उन्हात उभ्या राहतात, आणि शनिवारी रोपवाटिकेतून मातीची पोती, नाही तर हिवाळ्याच्या तोंडावर शेगडीसाठी सरपण आणतात. आमच्या गाडीचा दिनक्रमही हाच. मात्र गाडीची घडण या दिनक्रमासाठी नाही. शिडीसारखी पोलादी चौकट, आणि मागील आसावर शेकडो किलो भार पडेल या अपेक्षेने बसविलेले पाट्यांचे ताठ कमान-स्प्रिंग. भार असेल तेव्हा ते शहाण्यासारखे वागतात, आणि हौदा रिकामा असेल तेव्हा रस्त्यावरील प्रत्येक सांध्याची वार्ता माणसाच्या कण्यापर्यंत बिनतक्रार पोचवितात. अशा गाडीत रस्ता आणि माणूस यांच्यामध्ये खरा मध्यस्थ एकच उरतो, आणि तो म्हणजे टायर. स्प्रिंग बदलता येत नाहीत असे नाही, परंतु तो खर्चाचा आणि धाडसाचा मार्ग. टायर तर कधी ना कधी बदलावेच लागतात, आणि त्या अपरिहार्य खर्चातच सुखाची संधी दडलेली असते.

जुन्या टायरांचा आवाज कसा वाढत गेला हे आम्हा घरच्यांना नीटसे कळलेच नाही, कारण रोज सोबत असलेल्या गोंगाटाला माणूस सरावतो. सांगलीहून आई काही महिन्यांसाठी आली आणि पुढच्या आसनावर बसून तिने बोलायला सुरुवात केली, तेव्हा ते ध्यानात आले. महामार्गावर गाडी येताच तिचे वाक्य अर्धे ऐकू येई, अर्धे चाकांच्या घोंघावण्यात बुडून जाई. आणि "अरे, मोठ्यानं बोल जरा, या चाकांपुढं काही उमगत नाही बघ," असे म्हणून ती थोड्या वेळाने खिडकीबाहेरचे मक्याचे मळे बघत गप्प बसे. म्हाताऱ्या माणसाचे असे गप्प बसणे मला सहन झाले नाही. शेजारी एक निवृत्त शेतकरी राहतात. त्यांनी गाडी ऐकली, मग वाकून टायरच्या पृष्ठभागावरून तळहात एकदा पुढे आणि एकदा मागे फिरविला, आणि मलाही तसेच करायला लावले. एका दिशेने हात सुरळीत गेला. उलट फिरविताच करवतीच्या दात्यांवरून जावा तसा अडखळला. ठोकळ्यांची एक कड अधिक आणि दुसरी कमी झिजून टायर दातेरी झाला होता. गाडीच्या यंत्रात काहीही दोष नव्हता. रबराची झीज असमान झाली होती, इतकेच.

मग दुकान आले. हलक्या मालमोटारींच्या टायरांचे ठोकळमानाने तीन वर्ग पडतात : डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्यांसाठी घडविलेले हायवे टायर, खडी-मातीलाही जुमानणारे ऑल-टेरेन, आणि चिखलासाठीच जन्मलेले मड-टेरेन. दुकानाच्या दर्शनी भिंतीवर मान असतो तो मधल्या आणि शेवटल्या वर्गाला. त्यांचे खोल चर, खांद्यावरून कडेला उतरलेले उग्र ठोकळे, ठळक पांढरी अक्षरे पाहून गाडीला एक वीरश्री चढते यात शंका नाही, आणि ज्याला खरोखरच शेताच्या बांधावरून, खाणीच्या वाटेने किंवा वितळत्या बर्फाच्या राडेतून जायचे आहे त्याने तेच घ्यावेत. त्याच्याशी माझा वाद नाही. परंतु वर्षाचे बहुतेक दिवस जी गाडी रिकाम्या हौद्याने काँक्रीटवरून धावणार, तिच्या पायांत चिखलाची पादत्राणे घालून तो गुरगुराट पुढील पाच-सहा वर्षे कानांवर घेण्यात मला कसलेही पौरुष दिसत नाही. गाडीचा टायर निवडताना माणसाला आपल्या आयुष्याचा खरा जमाखर्च मांडावा लागतो. आपण कोठे जातो, काय वाहतो आणि शेजारच्या आसनावर कोण बसते, एवढ्या तीन प्रश्नांना प्रामाणिक उत्तर दिले की त्या भिंतीवरचे निम्मे टायर आपोआप बाद होतात.

आवाजाचे शास्त्र मला या शोधात जसजसे उमगत गेले, तसतसा त्या काळ्या, मुक्या वस्तूविषयी माझा आदर वाढत गेला. समजा, टायरच्या परिघावर एकाच लांबीचे ७० ठोकळे आहेत. आमच्या मापाचा टायर ताशी १०० किलोमीटरच्या वेगाने जाताना सेकंदाला सुमारे ११ फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला सुमारे ७७० वेळा एक ठोकळा रस्त्यावर टेकणार, आणि त्या समान अंतराच्या आघातांतून एकच, अखंड, कर्णकटू स्वर उमटणार. लेझमीच्या पथकात सारे गडी एका ठेक्यावर लेझीम खळकवितात म्हणून तो नाद गावाच्या वेशीपर्यंत ऐकू जातो. तेच गडी आपापल्या मर्जीने क्षणभर मागेपुढे खळकवू लागले तर धातू तेवढाच वाजेल, पण नाद एकवटणार नाही, नुसती सळसळ उरेल. टायर घडविणारे शास्त्रज्ञ नेमके हेच करतात. ते ठोकळे एका लांबीचे ठेवीत नाहीत. आखूड, मध्यम, लांब अशा निरनिराळ्या लांबी ठरवून, त्यांचा क्रम परिघावर अशा रीतीने विस्कटतात की कोणताही एक स्वर वरचढ होऊ नये, आणि पृष्ठभागाच्या एका बाजूचा आघात दुसऱ्या बाजूच्या आघाताबरोबर पडू नये. हा विस्कळितपणा अत्यंत हिशेबी असतो. आघातांची एकूण शक्ती फारशी घटत नाही, ती अनेक स्वरांत वाटली जाते, आणि कानाला त्या वाटणीतून वाऱ्यासारखा एक सौम्य निःश्वास तेवढा जाणवतो. एका चाकाच्या परिघावर बेतालपणाची इतकी सूक्ष्म रचना कोणी तरी माझ्या आईचे वाक्य मला पुरते ऐकू यावे म्हणून करून ठेवली आहे, हा विचार मनात आला तेव्हा मी त्या दुकानात बराच वेळ एका टायरच्या ठोकळ्यांवर बोट ठेवून लांबीतला फरक शोधीत उभा होतो, आणि तो फरक खरोखरच डोळ्यांना दिसतो.

आघाताखेरीज आवाजाची आणखीही कारणे आहेत. चर जर एका टोकाला बंद असेल तर रस्त्याशी टेकताच त्यात हवा कोंडते आणि सुटताना फुत्कारते. म्हणून शांत टायरात परिघावरून अखंड फिरणारे उभे चर असतात आणि आडव्या फटी बारीक असतात. आणि टायरच्या पोटातली हवाही मुकी नसते. ती पोकळी म्हणजे एक वर्तुळाकार दालनच. आमच्या मापात तिचा मध्यपरिघ सुमारे दोन मीटर भरतो, ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे सेकंदाला १७० कंपनांच्या आसपासचा एक स्वर तेथे कायम वस्तीला असतो, आणि पुलाचा सांधा ओलांडताना जो घुमका 'डुम्' असा ऐकू येतो त्यात त्याचाही वाटा असतो. काही मोटारींच्या टायरांना आतून मऊ फेसाळ पदार्थाचे अस्तर देऊन हा स्वर शोषून घेतात. आमच्या गाडीला अशा ऐश्वर्याची गरज नव्हती.

सुखाचा प्रश्न मात्र ठोकळ्यांपेक्षा टायरच्या साइडवॉलशी, म्हणजे कडेच्या भिंतीशी, अधिक निगडित आहे, आणि तेथेच ग्राहकाची सर्वांत मोठी फसगत होते. साइडवॉलवर कोरलेला मजकूर हा त्या टायरचा ताम्रपटच समजावा. २७५/६५ आर १८ हे आमच्या टायरचे माप प्रवासी गाड्यांच्या वर्गातही मिळते आणि ज्याच्या आरंभी 'एलटी' ही अक्षरे असतात त्या हलक्या मालमोटारींच्या वर्गातही मिळते. दुसऱ्या वर्गातील 'ई' श्रेणीचा टायर दहा पदरांच्या तोलाचा मानतात, जरी आजच्या टायरात प्रत्यक्ष दहा पदर नसतात. त्याची भिंत जाड, वजन अधिक, आणि त्यात दर चौरस इंचाला ८० पौंडांपर्यंत हवा भरता येते. तेवढाच भार पेलण्यासाठी त्याला हवाही अधिक लागते, आणि अधिक हवा म्हणजे अधिक ताठरपणा. विक्रेते मोठ्या आस्थेने सांगतात की मजबूत तो बरा. परंतु हिशेब करून पाहावा. प्रवासी वर्गातील आमच्या टायरचा भारांक ११६, म्हणजे एका टायरला १,२५० किलो. असा टायर मालमोटारीला लावताना अमेरिकन नियमाप्रमाणे त्या आकड्याला १.१ ने भागावे लागते, तरीही एकेकाला १,१३० किलोंहून अधिक आणि चौघांना मिळून साडेचार हजार किलोंची क्षमता उरते; आणि माणसे व माल यांच्यासह आमच्या गाडीचे अनुज्ञात वजन तीन-सव्वातीन हजार किलोंच्या घरात. जो जड ट्रेलर ओढतो, जो रोज हौदा भरून बांधकामाचे दगड नेतो, त्याने ताठ भिंतीचा टायर घ्यावा आणि आवाजाचा विचारही मनात आणू नये, कारण तेथे प्रश्न जिवाचा असतो. पण न वाहिलेल्या ओझ्यासाठी रोजचे धक्के खाणे ही काही सावधगिरी नव्हे.

आमच्या गावापासून ॲक्रन शहर दूर नाही, आणि टायरचा विचार करीत त्या शहरातून जाताना माझे मन भरून येते. १८७० साली डॉक्टर बेंजामिन फ्रँकलिन गुडरिच यांनी तेथे रबराचा कारखाना आणला. १८९८ साली फ्रँक सायबर्लिंग यांनी गुडइयर कंपनी स्थापिली आणि तिला नाव दिले ते गंधकाच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची कृती १८३९ साली शोधून कर्जबाजारी अवस्थेत १८६० साली निवर्तलेल्या चार्ल्स गुडइयरचे, ज्याचा त्या कंपनीशी कसलाच संबंध नव्हता. १९०० साली हार्वे फायरस्टोन आले. पुढे अनेक दशके जगाची रबर-राजधानी हाच त्या शहराचा लौकिक होता. ज्या मुंबईकराने भांडुपला १९५८ सालापासूनच्या सिएट कंपनीच्या परिसरात कामगारांच्या पाळ्या सुटताना पाहिल्या आहेत, त्याला ॲक्रनच्या जुन्या विटांच्या इमारतींपाशी काही परके वाटत नाही. या शहराच्या सत्तेला धक्का दिला तो एका अधिक चांगल्या टायरने. फ्रान्समध्ये मिशेलिन कंपनीने १९४६ साली रेडियल रचनेचे पेटंट घेतले आणि १९४९ पासून 'एक्स' या नावाने तो टायर विकायला आणला. जुन्या टायरात धाग्यांचे पदर तिरके, एकमेकांना छेदीत विणलेले असत. या नव्या टायरात ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे गेले आणि वरून पोलादाचा पट्टा बसला, त्यामुळे पृष्ठभाग स्थिर राहिला आणि भिंत मोकळेपणाने लवू लागली. आयुष्य वाढले, इंधन वाचले, आणि वेगात चाल मऊ झाली. अमेरिकेने हा टायर उशिरा स्वीकारला. १९७० च्या लिंकन कॉन्टिनेन्टल मार्क तीन या गाडीला तो मुळातूनच बसविण्यात आला, आणि त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत ॲक्रनमधील मोटारींच्या टायरांचे मोठे उत्पादन जवळजवळ संपुष्टात आले. १९८८ साली फायरस्टोन कंपनी जपानच्या ब्रिजस्टोनकडे गेली. गुडइयरचे मुख्यालय आजही तेथे आहे, परंतु पाळी सुटल्यावर रस्ते भरून टाकणारी ती माणसे नाहीत. ज्या मऊ चालीचा मी शोध घेत होतो, तिची किंमत या शहरातील हजारो कुटुंबांनी कधीच मोजलेली आहे, ही जाणीव तेथून जाताना सुटत नाही, आणि सुटूही नये.

आश्चर्य याचे की ज्या गुणासाठी मी हिंडत होतो त्याचा दाखला या देशात टायरवर कोठेही मिळत नाही. सरकारी नियमानुसार प्रवासी टायरावर झीज, पकड आणि तापमान यांच्या श्रेणी कोरलेल्या असतात; झिजेची परीक्षा टेक्सासमधील सॅन अँजेलोजवळच्या ठरीव रस्त्यांवर गाड्या धाववून घेतली जाते; एलटी वर्गाला या श्रेणीही लागू नाहीत. युरोपात २०१२ पासून टायरच्या पट्टीवर आवाजाचे डेसिबल छापतात, पण तोही रस्त्याकाठी उभ्या असलेल्या माणसाला ऐकू येणारा आवाज, आत बसलेल्याला ऐकू येणारा नव्हे. शिवाय नवा टायर बहुधा शांतच असतो. खरी कसोटी वीस-पंचवीस हजार मैलांनंतर लागते, म्हणून त्याच गाडीवर तोच टायर तितका चालविलेल्या माणसांना गाठून विचारण्याखेरीज दुसरी वाट नाही, आणि ही माणसे पेट्रोलपंपावर किंवा लाकडाच्या वखारीत सहज भेटतात व मोठ्या आपुलकीने बोलतात. त्यांच्याकडून हायवे वर्गातील तीन नावे पुनःपुन्हा ऐकू आली : मिशेलिनचा डिफेंडर एलटीएक्स, कॉन्टिनेन्टलचा टेरेनकॉन्टॅक्ट एच/टी आणि फायरस्टोनचा डेस्टिनेशन एलई ३. तिन्ही बारमाही, म्हणजे आमच्या बेताच्या हिमवर्षावाला पुरणारे. ज्या मुलुखात बर्फ महिनोन्‌महिने हटत नाही तेथे मात्र डोंगर आणि हिमकण यांचे चिन्ह पाहूनच टायर घ्यावा.

रस्त्याचा दोषही टायरच्या माथी मारू नये, हे येथेच सांगितले पाहिजे. ज्या काँक्रीटवर पाणी निथळावे म्हणून आडव्या रेघा कोरलेल्या असतात त्यावर उत्तम टायरही किंचाळतो, आणि जिल्ह्याची हद्द ओलांडून डांबर लागताच तोच टायर एकाएकी मृदू होतो. फीनिक्स शहराचे एक अभियंता चार्ल्स मॅक्डोनाल्ड यांनी १९६० च्या दशकात जुन्या टायरांचा चुरा डांबरात मिसळण्याची कृती शोधली, आणि ॲरिझोना राज्याने २००३ पासून फीनिक्सच्या महामार्गांवर त्या मिश्रणाचा थर पसरला तो मुख्यतः भोवतालच्या वस्तीला शांतता लाभावी म्हणून. एखाद्या सरकारने केवळ नागरिकांच्या कानांसाठी एवढी तजवीज करावी, याहून सुसंस्कृत कारभार मला तरी सुचत नाही.

मी मिशेलिनचा टायर घेतला, प्रवासी वर्गातला. तो तिघांत महाग होता. पण साठ-सत्तर हजार मैलांच्या हमीवर ती किंमत पसरून पाहिली की फरक क्षुल्लक उरतो. बसविण्यापूर्वी प्रत्येक टायरवरच्या सरकारी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचावेत, पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. गोदामात वर्षानुवर्षे पडून कडक झालेले रबर मऊ चाल देत नाही. चाकांची सरळ रेषा त्याच दिवशी तपासून घ्यावी, आणि पाच ते आठ हजार मैलांनी चाकांची जागा बदलावी, कारण ती दातेरी झीज, जिने सारा गोंगाट सुरू केला, ती याच आळसातून उपजते. हवेच्या बाबतीत एक मोह होतो, की दोन-चार पौंड कमी भरले तर गाडी आणखी मऊ चालेल. चालेलही; परंतु कमी हवेचा टायर लवून लवून तापतो आणि भर वेगात फाटतो. अशा अपघातांत पुष्कळ माणसे दगावल्यानंतर अमेरिकन काँग्रेसने २००० साली कायदा केला, आणि त्याच्या अंमलबजावणीतून सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या हलक्या गाडीत हवा उतरल्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. तरी ती बरीच हवा गेल्यावर बोलते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर जो आकडा छापलेला आहे, आमच्या गाडीला ३५ पौंड, तोच गाडी थंड असताना भरावा. तापमान दहा अंश फॅरनहाइटने उतरले की सुमारे एक पौंड दाब घटतो. तेव्हा ऑक्टोबरात भरलेली हवा जानेवारीत तशीच असेल असे गृहीत धरू नये, आणि आसनाखाली एक चांगले गेज कायम ठेवावे.